काडी न लागणारा स्विच : आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, अमळनेर

कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय ठरला. सरांच्या यादीत दरवर्षीचेच होते : सोलर ट्रॅकर, लाइन फॉलोअर, पाण्याची टाकी भरली की वाजणारी बेल. आम्ही लिहून दिलं, 'तापमान वाढलं की आपोआप सुटणारा विद्युतचुंबक, अणुभट्टी बंद करण्यासाठी'. सर हसले. "अमळनेरात अणुभट्टी कुठून आणणार?"

मी म्हटलं, "सर, तापी तरी आपलीच ना." गुजरातमधल्या काक्रापारची अणुभट्टी तापीच्याच पाण्यावर थंड होते. आपल्या सुरत-भुसावळ लाइनवरचं व्यारा स्टेशन तिथून जवळच. सरांनी सही केली, पण खाली लाल शाईत लिहिलं : 'मॉडेल चाललं पाहिजे.'

विषयाची मूळ कल्पना खरं म्हणजे काक्रापारवरून सुचली नाही. ती सुचली पप्पांच्या दुकानातून. आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि ते निम्मं काडीवर चालतं. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहिते.

विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की कॉइल पट्टी ओढून धरते आणि मोटार चालू राहते. लाईट गेली की कॉइल मरते, पट्टी सुटते. एक फेज उडाला तर मोटार दोन फेजवर कण्हत राहते, जास्त करंट ओढते. मग ओव्हरलोड रिले तापतो, त्यातली पट्टी वाकते आणि कॉइलचा करंट तोडते. सगळं बरोबर. पण रात्रीची पाळी, गव्हाला पाणी, बाहेर कडाक्याची थंडी, आणि स्टार्टर घडोघडी पडतोय. मग माणूस पट्टीत एक काडी खोचतो. स्टार्टर पडत नाही. मोटार जळते. सकाळी ती आमच्या ओट्यावर येते.

१० जानेवारी

वाचन. अणुभट्टीतही शेवटी हाच प्रश्न आहे, फक्त मोटारीच्या जागी काय आहे ते बघून अंगावर काटा येतो.

भट्टीतली साखळी अभिक्रिया न्यूट्रॉनवर चालते. भट्टी बंद करायची म्हणजे न्यूट्रॉन खाणाऱ्या पदार्थाचे रॉड गाभ्यात, म्हणजे इंधन असतं तिथे, सोडायचे. काक्रापारसारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांत कॅडमियमचे रॉड वर टांगलेले असतात, विद्युतचुंबकी क्लचवर. क्लचचा करंट तोडला की रॉड स्वतःच्या वजनाने खाली. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडर (चालता चालता नवं इंधन तयार करणाऱ्या) भट्टीत बोरॉन कार्बाइडचे रॉड आहेत, दोन वेगळ्या जातींचे : ९ आणि ३. ते ३ रॉड सरळ विद्युतचुंबकाने धरलेले असतात.

म्हणजे धरून ठेवायला वीज लागते, सोडायला लागत नाही. नो-व्होल्ट कॉइल!

पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "यात नवीन काय? मी तीस वर्षं हेच बांधतोय."

शिकागोची गोष्टही त्यांना आवडली. २ डिसेंबर १९४२ ला जगातली पहिली अणुभट्टी चालू केली तेव्हा एक रॉड दोरीला बांधून वर ठेवला होता आणि नॉर्मन हिल्बेरी नावाचा शास्त्रज्ञ कुऱ्हाड घेऊन दोरीजवळ उभा होता. गडबड झाली तर दोरी तोडायची. आई चहा देता देता म्हणाली, "आणि त्यालाच चक्कर आली असती तर?" आमच्या प्रस्तावनेत मी हेच वाक्य टाकणार होते. प्रकल्पातली माझी जोडीदारीण म्हणाली सर कापतील.

१७ जानेवारी

आज दिवसभर एकाच गोष्टीवर डोकं चालवलं, पण फायदा झाला.

नेहमीच्या पद्धतीत सेन्सर तापमान बघतो, लॉजिक ठरवतं, रिले करंट तोडतो. तीन कड्या. सेन्सर खोटं बोलला किंवा रिलेचे पॉइंट चिकटले तर? करंट चालूच राहतो, चुंबक इमानदारीत रॉड धरून बसतो आणि खाली भट्टी तापत जाते. इमानदारी नको तिथे आली की असं होतं.

त्यासाठी चुंबकाच्या रस्त्यातच असा धातू बसवायचा जो तापला की चुंबकत्व सोडतो. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचं असं एक तापमान असतं. पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून ते क्युरी तापमान. त्याच्या वर गेलं की कॉइलमध्ये पूर्ण करंट असला तरी चुंबक ढिला पडतो. कुणी बटण दाबायला नको, कुणाला कळायलाही नको.

मग धातू कोणता? कल्पाक्कमच्या भट्टीत पाण्याऐवजी वितळलेला सोडियम उष्णता वाहून नेतो, तो गाभ्यातून सुमारे ५४७ अंशाला बाहेर पडतो. सोडियम उकळतो ८८३ ला. आपल्याला मधलं काहीतरी हवं, दोन्हीकडे पुरेशी जागा सोडून. निकेलचं क्युरी तापमान ३५८ च्या आसपास, म्हणजे भट्टी नीट चालू असतानाही रॉड टिकणार नाही. कोबाल्टचं ११०० च्या वर, म्हणजे सोडियम उकळून गेल्यावर हा जागा होणार. शुद्ध लोखंड ७७०, ते जरा उशिराच. म्हणून जपानी लोकांनी तिघांना एकत्र वितळवलं. निकेल, कोबाल्ट, लोखंड यांचा मिश्रधातू, प्रमाण बदललं की तापमान सरकतं. असा चुंबक त्यांनी जोयो नावाच्या त्यांच्या प्रायोगिक भट्टीत लावून बघितला आहे.

जाता जाता : गॅडोलिनियम नावाच्या धातूचं क्युरी तापमान साधारण २० अंश. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात तो चुंबकाला चिकटणारच नाही, माठात बुडवला तर कदाचित. पण त्याचाही भट्टीत उपयोग आहे. काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांत रॉडशिवाय दुसरी बंद यंत्रणा आहे, तिच्यात गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण जड पाण्यात सोडतात. चुंबक म्हणून नाही, न्यूट्रॉन खातो म्हणून.

२५ जानेवारी

आम्हाला ६०० अंश परवडणारे नाहीत. १०० च्या आसपासचा पदार्थ हवा. सापडला, तोही भंगारात. स्वस्त राइस कुकरच्या बुडाशी मधोमध एक स्प्रिंगवाला चुंबक असतो. पाणी असेपर्यंत भांडं १०० च्या वर जात नाही. पाणी आटलं की तापमान चढतं, १०३ च्या आसपास तिथली फेराइटची चकती चुंबकत्व सोडते आणि कट्ट करून स्विच पडतो. इतक्या वर्षांत हा कट्ट आवाज ऐकून कुणाच्याच मनात क्युरी आला नाही.

भंगारवाला म्हणाला, राइस कुकर आपल्याकडे कोण वापरतं, आपण भाकरीवाले. तरी तीन मिळाले. दोन चकत्या चांगल्या, एकीचा टवका उडालेला.

२ फेब्रुवारी

कॉइल. जुन्या चोकच्या स्टॅम्पिंग पट्ट्या रचून इंग्रजी यू आकाराचा गाभा केला. त्यावर ३० गेजची तार, १००० वेढे. पप्पा म्हणाले ८०० नंतर मोजणं चुकतं, तू वहीत शंभर-शंभराला काडी ओढ. (ही काडी चालते.) रेझिस्टन्स २२ ओहम. १२ व्होल्टला साधारण अर्धा अँपिअर.

रचना अशी : चार इंची पाइपाला बूड वेल्ड करून उंच भांडं. त्यात तीन लिटर शेंगदाणा तेल, हे आमचं सोडियम. चुंबकाचे दोन पाय वरून तेलात उतरतात. एका पायाच्या टोकाला फेराइटची चकती. खाली लोखंडी पट्टी, पट्टीला लटकलेला रॉड, म्हणजे अर्धा इंची पाइपात बेअरिंगच्या गोळ्या भरून, ७०० ग्रॅम. रॉड पडला की त्याला बांधलेला दोरा बाहेरचा मायक्रोस्विच ओढतो आणि शेगडीची लाइन तुटते. चकती गार असताना चुंबकाचा रस्ता पूर्ण असतो. क्युरीच्या वर ती चकती म्हणजे नुसती सहा मिलिमीटर हवा.

आईने तेलाचा हिशोब विचारला. परत देऊ म्हटलं.

९ फेब्रुवारी

पहिली चाचणी, तीही गार तेलात. फक्त करंट बंद करून बघायचं. करंट बंद केला. रॉड पडलाच नाही!

सगळे एकमेकांकडे बघतोय. जोडीदारीणीने भांड्याला टिचकी मारली तेव्हा धप्पकन पडला. उरलेलं चुंबकत्व. लोखंडाला लोखंड पूर्ण टेकलं की करंट गेल्यावरही थोडी पकड राहते, आणि ७०० ग्रॅमला थोडी पुरते. पप्पांनी काही न बोलता स्टेटरच्या खाचेत घालतात त्या लेदरॉइड पेपरचा तुकडा कापून पट्टीवर चिकटवला. तेवढ्या फटीने पकड तुटली. त्यानंतर दहापैकी दहा वेळा पडला.

एक कागद. पण हा कागद नसता तर आमची 'सुरक्षित' यंत्रणा टिचकी मारणाऱ्या माणसाची वाट बघत बसली असती.

१६ फेब्रुवारी

आज आनंद झाला होता, तो दोन तास टिकला.

शेगडी लावली. तेल ८८ अंशाला असताना रॉड पडला. टाळ्या. व्हिडिओ काढला. मग मला शंका आली की १०३ चा पदार्थ ८८ ला का सोडतो? पुन्हा केलं, ८३ ला पडला. तिसऱ्यांदा ७९. प्रत्येक वेळी कमी. क्युरी तापमान असं रोज उतरत नाही, तो पदार्थाचा स्वभाव आहे.

मल्टीमीटर कॉइलला लावला : २७ ओहम. सकाळी २२ होते. तांबं तापलं की रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. हिशोब केला तर कॉइल सकाळपेक्षा जवळजवळ ६० अंशांनी तापलेली. बॅटरी तीच १२ व्होल्टची, त्यामुळे करंट ०.५५ वरून ०.४४ वर आलेला. चुंबकाचा जोर करंटच्या वर्गाने जातो, म्हणजे एक तृतीयांश जोर गेला होता. रॉड फेराइटमुळे पडतच नव्हता. आमच्या थकलेल्या कॉइलमुळे पडत होता.

व्हिडिओ डिलीट केला. पाटलांचा पोऱ्या म्हणत होता ठेवू, परीक्षकाला काय कळतंय. त्याच्याशी भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी

करंट एकसारखा ठेवायला एलएम-३१७ आयसी करंट सोर्स म्हणून लावला. २.३ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे आयसीचे १.२५ व्होल्ट भागिले २.३, साधारण ०.५४ अँपिअर, गार कॉइलला होता तेवढाच. तापलेल्या कॉइलला तेवढा करंट ढकलायला १२ व्होल्ट कमी पडतात, म्हणून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. आयसी भयंकर तापतो, जुन्या अँप्लिफायरचं हीट सिंक बसवलं.

आता कॉइल कितीही तापो, करंट हलत नाही. तेल चढवलं. ८८ गेलं, ९५ गेलं, १०० गेलं. १०६ ला कट्ट.

५ मार्च

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे.

शेगडी रेग्युलेटरवर मंद ठेवली, तेल मिनिटाला दोन अंश चढलं, तेव्हा रॉड १०६ ला पडला. शेगडी पूर्ण केली, मिनिटाला सात-आठ अंश, तेव्हा पडला ११५ ला. चकती तीच, करंट तोच. मग नऊ अंश कुठे गेले?

चकतीला तेलाची बातमी उशिरा कळते. वरून लोखंडी पाय तिची उष्णता ओढून घेतोय, बाजूचं तेल संथ आहे, त्यामुळे तेल ११५ वर पोचलं तेव्हा चकती कुठे १०३ ला आली. मंद आचेवर हा फरक दिसत नाही आणि खरा अपघात कधी मंद आचेवर होत नाही. सोडियमचा पंप बंद पडला तर गाभ्यातून येणारं तापमान सेकंदांत चढतं. म्हणजे या स्विचची खरी परीक्षा 'किती अंशाला पडतो' ही नाहीच. 'तेल तिथे पोचल्यावर किती वेळाने पडतो' ही आहे. आम्ही आत्तापर्यंत चुकीची गोष्ट मोजत होतो.

उपाय : चकतीभोवती तेल फिरलं पाहिजे. पायाच्या टोकाला हॅकसॉने चार खाचा पाडल्या, म्हणजे वरून उष्णता ओढणारं लोखंड कमी झालं. भांड्यात मत्स्यालयाचा पंप टाकायचा विचार केला, पप्पांनी कपाळाला हात लावला. त्याचं प्लास्टिक या तेलात टिकलं नसतं. शेवटी हाताने फिरवायची रवी लावली, ताकाची. तेल फिरतं ठेवलं तर पूर्ण आचेवर १०९ ला पडतो. नऊचे तीन झाले.

१३ मार्च, होळी

काम नाही. पण एक गाढवपणा नोंदवून ठेवते : काल चाचणी लवकर आटपायची म्हणून गरम चकती बाहेर काढून पाण्यात टाकली. टण्ण. दोन तुकडे. फेराइट म्हणजे एक प्रकारची भाजलेली माती, हे पुस्तकात वाचलं होतं. आता टवका उडालेली आणि एक चांगली, अशा दोनच उरल्या.

२२ मार्च

आज तीनदा लाईट गेली. आमचा चुंबक बॅटरीवर असल्यामुळे रॉड जागेवर. जोडीदारीणीने विचारलं, मग हे चांगलं की वाईट? लाईट गेली तर रॉड पडायलाच हवा ना?

पडला तर सुरक्षितच आहे, पण फुकट पडलेल्या रॉडचीही किंमत असते. काक्रापारच्या जातीच्या भट्टीत ट्रिप झाली आणि लगेच परत चालू करता आली नाही, तर गाभ्यात झेनॉन साचतो. तो स्वतःच न्यूट्रॉन खातो आणि भट्टी दीड दिवसाच्या आसपास उठत नाही. जपान्यांनीही जोयोमध्ये मुख्यतः हे तपासलं की भट्टी नीट चालू असताना हा चुंबक रॉड धरून ठेवतो का, उगाच सोडत नाही ना. सोडणं सगळ्यांना आठवतं, धरण्याची परीक्षा कुणी घेत नाही. आम्हीही घेतली नव्हती. आज घेतली : ९० अंशाला तेल स्थिर ठेवून चार तास. रॉड धरून होता. आम्हीही होतो, आळीपाळीने, शेगडी कमी-जास्त करत.

मग वजन वाढवून बघितलं. ९०० ग्रॅमला तोच चुंबक ९९ अंशाला सोडतो. कारण क्युरी तापमान म्हणजे दिवा विझवल्यासारखं नसतं. त्याच्या अलीकडेच चुंबकत्व उतरायला लागतं, शेवटी एकदम कोसळतं. जड रॉड त्या उतारावर आधी घसरतो.

६ एप्रिल

ऊन ४२ च्या वर. दुकानात शेगडी आणि गरम तेल. यापेक्षा जास्त लिहिण्याची इच्छा नाही.

वीस चाचण्या, पूर्ण आच, तेल फिरतं. १७ वेळा १०८ ते ११० च्या मध्ये. तीन वेळा ११३. ते तीन कुठले ते शोधलं, तर रवी फिरवण्याची पाळी पाटलांच्या पोऱ्याची होती आणि तो फोनवर होता. त्याचं नाव अहवालात नाही, आकडे आहेत.

११ एप्रिल

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, शेतातून आले. दुकानाच्या ओट्यावर बसून बराच वेळ बघत होते. "हाई काय शे?" मी सगळं सांगितलं. अणुभट्टी, सोडियम, क्युरी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "येले काडी लावता ई का?"

मी म्हटलं, नाही आप्पा, हेच तर त्याचं वैशिष्ट्य. ना बटण, ना रिले, ना सेटिंग. काडी खोचणार कुठे?

ते उठले, कोपऱ्यातला लाकडाचा तुकडा घेतला आणि पट्टीखाली रॉडला टेकू दिला. "हाई."

खरंच. चुंबक सुटला तरी रॉड तिथेच. रात्री चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताबद्दल परत वाचलं. २६ एप्रिल १९८६ च्या त्या प्रयोगासाठी तिथल्या लोकांनी काही संरक्षक यंत्रणा स्वतःच बंद करून ठेवल्या होत्या. शिवाय त्या भट्टीच्या रचनेतच दोष होते. रॉड पूर्ण आत जायला १८ ते २० सेकंद लागत आणि त्यांच्या टोकांना ग्रॅफाइट होतं, त्यामुळे आत जाताना सुरुवातीला उलटा परिणाम झाला.

अहवालातून 'याला काडी लावता येत नाही' हे वाक्य काढलं. त्याऐवजी : 'करंट तोडणारी यंत्रणा निकामी झाली तरी सुटतो. रॉडचा मार्ग मोकळा असणे ही वेगळी अट आहे.' प्रकल्पाचं नाव मात्र बदललं नाही. सरांची सही झालेली आहे.

२६ एप्रिल

तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न नीट विचारला : "रॉड पडला. आता भट्टी सुरक्षित?"

मी नाही म्हटलं. रॉड पडल्यावर साखळी अभिक्रिया थांबते, पण इंधनातले किरणोत्सारी तुकडे तापतच राहतात. बंद केल्या केल्या मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, काही तासांनी एक टक्क्याच्या आसपास. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप झाल्यावर चालू भट्ट्यांचे रॉड वेळेवर आत गेले होते. भूकंपाने बाहेरची वीज गेली, पुढे त्सुनामीने जनरेटरही बंद पडले आणि ही उरलेली उष्णता काढता आली नाही. आमच्या मॉडेलमध्येही शेगडी बंद झाल्यावर तेल १०९ वरून ११२ पर्यंत जातं. (उपमा लंगडी आहे. आमच्या तेलाला फक्त तापलेल्या शेगडीची ऊब मिळते, भट्टीतलं इंधन आतून पेटलेलं असतं. हेही सांगितलं.) त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, चकती गार झाली की रॉड परत वर जाईल का? नाही. चुंबकत्व परत येतं, पण रॉड एक वीत खाली असतो, तिथपर्यंत ओढ पोचत नाही. माणसाने खात्री करून उचलायचा.

गुण अजून कळले नाहीत.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आत्या आल्या आहेत, घरात मांड्यांची गडबड, झोक्याला दोर हवा म्हणून आमचा रॉडचा दोरा लहान भावाने पळवला. तेल आईला परत केलं. तिने वास घेतला आणि ते पप्पांना कुलूप-कड्यांना लावायला दिलं.

सर म्हणाले मॉडेल कॉलेजात ठेवा, पुढची बॅच यावर काम करेल. त्यांच्यासाठी : चांगली चकती कापसात गुंडाळून 'रेझिस्टर' लिहिलेल्या डब्यात आहे. तिला पाण्यात टाकू नका. लेदरॉइडचा कागद दर दहा चाचण्यांनी बदला, तेलाने मऊ पडतो. आणि आधी करंट मोजा, मग टाळ्या वाजवा.